वाटेवरचा वाढदिवस

आमच्या वाचकांपैकी जे साठी ओलांडून पुढे गेले आहेत, त्यांस एकदा विचारून पाहावे: लहानपणी आपला वाढदिवस घरी कसा साजरा होत असे? बहुतेक जण नुसते हसतील. वाढदिवस नावाचा प्रकार त्या काळी आमच्या खेड्यापाड्यांतून फारसा कोणास ठाऊकच नव्हता. ज्या संताचे नाव मुलास ठेविले, त्या संताचा सण हाच त्या मुलाचा दिवस. फ्रान्सिस असला तर ३ डिसेंबर, आंतोन असला तर १३ जून. त्या दिवशी मिस्सा ऐकावी, घरी काही गोडधोड व्हावे, झाले. जन्माची खरी तारीख हवीच असेल तर पाद्रींच्या कचेरीत जाऊन बाप्तिस्म्याच्या पुस्तकात शोधावी. ती पुस्तके अजून आमच्या कपाटात आहेत. पोर्तुगीज भाषेत, तिरप्या अक्षरांत लिहिलेली, कोपरे वाळवीने खाल्लेली. अलीकडे मात्र त्यांस फार मान आला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस आणि त्यांच्या मुलानातवंडांस पोर्तुगालच्या नागरिकत्वाची नोंद करता येते. म्हणून आजोबांची जन्मतारीख शोधावयास नातू येतो. आजोबांच्या हयातीत ज्या तारखेस कोणी एक नारळसुद्धा फोडला नाही, त्या तारखेवर आता नातवाचे परदेशगमन अवलंबून असते.

पवित्र शास्त्रातही वाढदिवसांस फारसे चांगले स्थान नाही, हे आम्ही सेमिनरीत असताना आमच्या एका वृद्ध गुरुजींनी मोठ्या मिस्किलपणे दाखवून दिले होते. एक वाढदिवस मिसरच्या फारोचा. त्या दिवशी रोटी भाजणाऱ्यांच्या नायकास फाशी झाली. दुसरा हेरोदाचा, त्या दिवशी योहान बाप्तिस्त्याचे शिर तबकात आले. ख्रिस्तसभेने आपल्या पंचांगात संतांचे मृत्युदिन पाळले, जन्मदिन अवघे तीन ठेविले: प्रभूचा २५ डिसेंबरास, पवित्र मरियेचा ८ सप्टेंबरास आणि योहान बाप्तिस्त्याचा २४ जूनास. आम्ही गोमंतकीयांनी मात्र त्या तिघांचे वाढदिवस असे काही मनावर घेतले आहेत की विचारू नये. नाताळ तर आहेच. मोंती साहेबिणीचे फेस्त आहे. आणि सांजावाच्या दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या टाकणारे आमचे तरुण हे एका जन्मदिवसाचाच आनंद करीत असतात, हे पुष्कळांच्या ध्यानातही नसते.

हे सारे आज सुचण्याचे कारण म्हणजे परमुलखातील एका मुलीचा वाढदिवस, जो काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यात आमच्या चर्चच्या आवारात, एका मोटारगाडीच्या पायरीवर साजरा झाला. त्या मुलीच्या दृष्टीने परमुलूख म्हणजे आमचे गाव; हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

चाकांवरचे घर घेऊन हिंडणारे पाहुणे पेडण्याच्या किनाऱ्यास नवे नाहीत. जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्याने १९५० मध्ये डब्याच्या आकाराची मोटार काढली, आणि लवकरच लोकांनी तिच्यात बिछाना व चूल बसवून तिचे घर केले. पुढील दोन दशकांत युरोपातील शेकडो तरुण अशा गाड्यांतून व जुन्या बसगाड्यांतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड आणि पंजाब असा मार्ग आक्रमीत गोव्यास येऊ लागले. प्रथम ते कळंगुट, हणजुणे येथे उतरत. मग तेथे गर्दी झाली तशी कित्येकांनी शापोरा नदी ओलांडून मोरजी, मांद्रे, हरमल गाठले. हरमलचे गोड्या पाण्याचे तळे त्यांस फार आवडे. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो जुना मार्ग खुंटला. तरीही बलुचिस्तानच्या वाळवंटातून, शस्त्रधारी शिपायांच्या सोबतीने, लाहोर आणि अटारी असे येणारे धाडसी लोक होतेच. २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली. तेव्हा अटारीची वेसही बंद करण्यात आली. आम्ही ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहोत ते त्याच्या पाच-सहा वर्षे आधी त्या वेशीतून आले होते.

जर्मन कुटुंब. बाप सुतारकाम करणारा, आई शाळेत शिकविणारी, एक आठ वर्षांची मुलगी आणि एक म्हातारा कुत्रा. एका वर्षाची रजा काढून, स्वतःचे घर भाडेकरूंस देऊन ते निघाले होते. गाडी जुनी, उंच टपाची. आत शिरले की उजव्या हातास दोन शेगड्या, पाण्याची टाकी, वर फळीचा पलंग. टपावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारी तबके. सुकाणू डाव्या बाजूस असल्यामुळे आमच्या रस्त्यांवर पुढच्या ट्रकच्या बाजूने डोकावणे चालविणाऱ्यास अशक्य. ते काम शेजारी बसलेल्या पत्नीचे. ‘आता जा’ असे तिने म्हणावे आणि नवऱ्याने जावे. संसाराची ही रीत आम्हांस मनापासून आवडली.

२०२० च्या मार्च महिन्यात ते हरमलच्या आसपास होते. २२ तारखेचा जनता कर्फ्यू झाला, पाठोपाठ २५ पासून देशभर टाळेबंदी आली. पहिल्या दिवसांत दुकानेही बंद. गोव्यात अनेक घरी तांदळाचे डबे खरवडण्याची वेळ आली हे वाचकांस आठवत असेल. मार्चच्या अखेरीपासून दाबोळीहून खास विमाने सुटू लागली व हजारो परदेशी पाहुणे आपापल्या देशी गेले. ह्या कुटुंबास मात्र ते सोपे नव्हते. परदेशी मोटारीस आपल्या देशात कर न भरता आणावयाची तर तिच्यासोबत कार्ने नावाचे एक पुस्तक असावे लागते. सीमेवर शिरताना त्याच्या पानावर शिक्का, बाहेर पडताना दुसरा शिक्का. गाडी देशाबाहेर नेली नाही तर जबर रक्कम भरावी लागते. म्हणजे तो गाडीचा बाप्तिस्म्याचा दाखलाच म्हणा ना. माणसाने पळून जावे, पण गाडीस टाकून जाता येत नाही. शिवाय घरी भाडेकरू. शिवाय कुत्रा. ते राहिले.

किनाऱ्यावर जेथे गाडी उभी होती तेथून त्यांस हलावयास सांगण्यात आले. मग एका काजूच्या बागेत दोन रात्री; तेथूनही उठविले. लोक घाबरले होते, आणि घाबरलेल्या लोकांस दोष देण्यात अर्थ नाही. २५ मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले होते आणि ते तिघेही परदेश पाहून आलेले होते. मग गोरा चेहरा दिसला की आया मुलांस घरात ओढून घेत. अशा स्थितीत त्या गृहस्थांनी एका दुपारी चर्चच्या फाटकाबाहेर उभे राहून, तोंडास रुमाल बांधून, आवारात गाडी लावू द्याल काय, असे विचारले. आरोग्य खात्याच्या माणसांनी त्यांस तपासून दिलेला कागद त्यांनी फाटकाच्या गजांतून लांबूनच दाखविला.

चर्चच्या आवारावर धर्मग्रामाचा हक्क. तेव्हा आम्ही एकट्याने हो म्हणणे योग्य नव्हते. सल्लागार मंडळींशी टेलिफोनवर बोलणे झाले. एकाने विचारले, सांडपाणी कोठे जाईल? दुसऱ्याने विचारले, आज एक आली, उद्या दहा आल्या तर? हे प्रश्न रास्त होते व त्यांची उत्तरे देता आली. पण तिसरा प्रश्न एका बाईने विचारला, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तिचा मुलगा प्रवासी जहाजावर खानसाम्याच्या हाताखाली काम करतो. जहाज समुद्रात उभे. प्रवासी केव्हाच उतरून गेले, पण खलाशांस कोणतेही बंदर घेईना. ती म्हणाली, “फादर, माझ्या मुलाला आपल्याच देशाच्या जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. आणि तुम्ही परक्याला देवाच्या अंगणात जागा देणार?”

तिचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही तेव्हाही म्हटले नाही व आजही म्हणत नाही. त्या दिवसांत गोव्यातील हजारो घरांत हेच दुःख होते. तारवट्यांच्या बायका-आया सरकारदारी अर्ज करीत होत्या. पेडण्यापासून साष्टीपर्यंत असा ख्रिस्ती गाव नसेल ज्याचा एक तरी मुलगा त्या वेळी पाण्यावर अडकला नव्हता. आम्ही तिला एवढेच म्हटले, “तुमचा मुलगा ज्या बंदराबाहेर उभा आहे, तेथल्या पाद्रीला कोणी असेच विचारले तर त्याने काय सांगावे?” ती बराच वेळ बोलली नाही, मग तिने टेलिफोन ठेविला. होकार तिने दिला नाही. बाकीच्यांनी दिला, आणि गाडी आंब्याच्या सावलीत येऊन उभी राहिली.

तीन आठवडे गेले. ईस्टर १२ एप्रिलला आला. रिकाम्या बाकांपुढे आम्ही पुनरुत्थानाची मिस्सा अर्पिली, आणि दाराबाहेर गाडीच्या पायरीवर बसून ती तिघे ती ऐकत होती. सांडपाणी ते गृहस्थ रोज सकाळी डब्यात भरून संडासात नेऊन ओतीत. ह्या एका गोष्टीने गावातील निम्मा विरोध मावळला. फुकट बसावयाचे नाही म्हणून त्यांनी आमच्या कबुलीजबाबाच्या जाळीची मोडलेली चौकट दुरुस्त केली. मुलगी कुंपणाच्या अलीकडे आणि गावातील मुले पलीकडे, असा दिवसभर खुणांचा संवाद चाले. ५ एप्रिलच्या रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरोघरी दिवे लावावयाचे होते. तेव्हा तिने आईस विचारले म्हणे, मी नऊ वर्षांची होणार हे ह्यांस कोणी सांगितले?

वाढदिवसाची गोष्ट अशी गावभर पसरली.

तिच्या आईने आम्हांस नंतर सांगितले की तिला त्या दिवसाची धास्ती वाटत होती. सातवा वाढदिवस घरी झाला होता. सारी शाळा जमली होती. आठवाही निघण्यापूर्वी घरीच, आजी-आजोबांसह. आता नवव्यास परका गाव, बंद फाटक, दुकाने अर्धी मिटलेली. आईबाप चोवीस तास जवळ होते, एक वर्षभर होते. एवढा सहवास फार थोड्या मुलांच्या वाट्यास येतो. पण मुलगी म्हणाली, “तुम्ही तर रोजच असता. पाहुणे कोण?”

हे वाक्य ऐकले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे कुंपणापलीकडची मुले उभी राहिली. त्यांच्यांत त्या खलाशाचा मुलगाही होता, नऊ वर्षांचाच. त्याचा वाढदिवस एप्रिलच्या आरंभी होऊन गेला होता. एरव्ही त्याच्या वाढदिवसास अंगण भरते: काका, मावश्या, शेजारी, शाळेतली पोरे. वडील मात्र जन्मापासून दोनदाच हजर होते. एरव्ही ते जहाजावरून टेलिफोन करतात, आणि तोही तारांगणातून आल्यासारखा तुटत तुटत. एका मुलीस आईबाप आहेत, पाहुणे नाहीत. एका मुलास पाहुणे आहेत, बाप नाही. त्या वर्षी टाळेबंदीने त्याचे पाहुणेही नेले.

येथे आमच्या लहानपणाची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. आम्ही डिचोलीचे. आमचे वडील खाणीवर मातीचा ट्रक चालवीत. डोंगरावरून लोहखनिज भरावयाचे, सारमानशीच्या धक्क्यावर आणून ओतावयाचे. तेथून ते बार्जीत पडून मांडवीतून मुरगावास जाई. पहाटे निघालेला माणूस रात्री लाल होऊन परते, आणि आम्ही झोपलेले असू. आमच्या नवव्या वाढदिवशी आईने काय मनात आणले कोण जाणे, तिने शेवयांच्या खिरीचा डबा हाती दिला व आम्हांस ट्रकवर चढविले. दिवसभर चार फेऱ्या झाल्या. दुपारी मये गावाजवळ एका झाडाखाली ट्रक उभा करून वडिलांनी आणि आम्ही ती खीर खाल्ली. तिच्यावर धुळीची साय आली होती. वडील बोलके नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येक वळणाचे नाव सांगितले, कोणत्या उतारावर कोणाचे ब्रेक निकामी झाले ते सांगितले, आणि धक्क्यापाशी आम्हांस भोंगा वाजवू दिला. पाहुणा एकही नव्हता. तरीही दुसरा कोणता वाढदिवस आम्हांस एवढा स्पष्ट आठवत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा वडील निवृत्त झालेले होते. पण रस्त्याकडेला गंजत पडलेले ट्रक पाहून ते मान वळवून घेत.

असो. आपण आंब्याखाली परत येऊ.

जर्मन लोकांत एक समजूत आहे: वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नयेत, अशुभ होते. आमच्या गावास हे कोठून ठाऊक असणार? आदल्या दिवशीच संध्याकाळी एक आजीबाई दोन मानकुराद आंबे घेऊन फाटकाशी आल्या व मोठ्याने आशीर्वाद देऊन गेल्या. त्या बाईंचा चेहरा पडला. मग नवऱ्याने समजूत घातली की आशीर्वाद मराठीत होता, त्यास जर्मन नियम लागू नाही. रात्री आणखी एक पेच. त्यांच्या मुलखाचे घड्याळ एप्रिलात आपल्याहून साडेतीन तास मागे असते. येथे मध्यरात्र होऊन मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तेथे साडेआठ वाजले होते व आजीच्या मते ती अद्याप आठच वर्षांची होती. आजी टेलिफोनवर काही केल्या शुभेच्छा देईना. आपल्याकडे बारा वाजेपर्यंत जागेन म्हणाली. पृथ्वीची प्रदक्षिणा करून १५२२ साली परतलेल्या मॅगेलनच्या उरल्यासुरल्या खलाशांसही असाच धक्का बसला होता. त्यांच्या वहीत बुधवार, आणि किनाऱ्यावर गुरुवार! पश्चिमेकडे जाता जाता एक अख्खा दिवस त्यांच्या हातून निसटला होता, आणि म्हणून सणवार चुकीच्या दिवशी पाळल्याची त्या बिचाऱ्यांस टोचणी लागली. त्या मानाने साडेतीन तास म्हणजे काहीच नव्हे.

त्या देशात मुलांच्या वाढदिवसास लाकडाचे एक कडे मांडतात. त्यास भोके असतात. जितकी वर्षे तितक्या मेणबत्त्या, आणि मध्ये एक मोठी, आयुष्याची. हे कडे त्यांनी घरून जपून आणले होते. पण मेणबत्त्यांची पेटी उघडली तो काय, वाटेवरच्या उन्हाने सर्व वितळून एक गोळा झाला होता! आमचे घंटा वाजविणारे वृद्ध सेवक तत्परतेने वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटके घेऊन आले, आणि मग स्वतःच दारात थबकले. “फादर, ह्या आशीर्वादित. केकजवळ चालतील का?” प्रश्न धर्मशास्त्राचा होता, पण उत्तर बाजाराने दिले. ५ एप्रिलसाठी आणलेल्या बारीक मेणबत्त्या घरोघरी उरल्या होत्या. तासाभरात फाटकाच्या खांबावर नऊच काय, तीसएक थोटके जमली. पांढरी, पिवळी, एक तर निळी.

केकसाठी मैदा नव्हता. ज्या आजीबाईंनी आंबे आणले त्यांनीच रवा, नारळ आणि गूळ घेतला, अंडी शेजारणीकडून मागविली, आणि बेबिंक भाजतात तशी वर-खाली निखारे ठेवून, आपल्या परसात तो भाजला. तो किंचित करपला होता. बरा करपला, त्यामुळे त्यास घरचा वास होता.

पाहुण्यांचे काय करावे, ह्यावर आम्ही आधी बराच विचार केला होता. गर्दी करता येत नव्हती, आणि नियम मोडून आनंद करावा असे आम्ही कोणास सांगितले नसते. मग ठरले की मुलांनी आवाराच्या भिंतीबाहेर आपापल्या आयांसह, एकमेकांपासून चार हात दूर उभे राहावे, आणि केकचे तुकडे पोफळीच्या विऱ्यांत घालून भिंतीवर ठेवावेत. अकरा मुले आली. त्यांपैकी तिघांचे वाढदिवस टाळेबंदीत बुडाले होते, असे बोलता बोलता निघाले. ते ऐकून आईने मुलीस सुचविले की आजचा दिवस त्या तिघांनाही द्यावा.

त्या वेळी आम्हांस रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्या प्रसिद्ध लेखकाची गोष्ट आठवली व आम्ही ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिला सांगितली. प्रकृतीस्तव तो स्कॉटलंडहून हजारो कोस दूर सामोआ बेटावर राहत असे. त्याच्या ओळखीच्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या मुलीचा जन्म नेमका नाताळच्या दिवशी झाला होता, त्यामुळे तिला स्वतःचा वाढदिवस असा मिळतच नसे. १८९१ साली स्टीव्हन्सनने वकिली थाटाचा रीतसर दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबर हा वाढदिवस तिला कायमचा देऊन टाकिला. आपल्याला आता त्याची गरज नाही म्हणाला. मुलीने गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, “पण तो म्हातारा होता ना?” तो तेव्हा अवघा चाळिशीचा होता, म्हणजे आमच्याच वयाचा, पण ते असू द्या. तिचे म्हणणे असे की म्हाताऱ्यांस वाढदिवस देऊन टाकणे सोपे असते. शेवटी तिने निकाल दिला: केक सर्वांचा, कडे तिचे. तिघांसाठी तिघांनी भिंतीवर स्वतःच्या मेणबत्त्या लावाव्यात. हा न्याय आम्हांस उत्तम वाटला. नऊ वर्षांच्या मुलाने सर्वच देऊन टाकावे अशी अपेक्षा करणारे लोक आपले नऊ वर्षांचे वय विसरलेले असतात.

संध्याकाळी आंजेलुसची घंटा झाल्यावर मेणबत्त्या पेटल्या. जर्मन गाणे झाले, मराठी झाले, कोंकणी झाले. वारा होता म्हणून निळी मेणबत्ती तीनदा विझली. भिंतीपलीकडून ज्यास जे ठेवता आले ते त्याने ठेविले: भाजलेले काजू, कैऱ्या, एक जुना पत्त्यांचा जोड, आणि कोणा मुलीने दोरीत ओवलेली अबोलीची वेणी, जी कुत्र्याच्याच गळ्यात गेली.

मग त्यांच्या घरची रीत झाली. दर वाढदिवशी मुलीस दाराच्या चौकटीशी उभी करून उंचीची रेघ ओढावयाची. आठ रेघा त्यांच्या घराच्या चौकटीवर होत्या, जेथे आता भाडेकरू राहत होते. नववी रेघ बापाने गाडीच्या दाराच्या लाकडावर ओढली व खाली गावाचे नाव लिहिले. खलाशाचा मुलगा हे टक लावून पाहत होता. “मला पण,” तो म्हणाला. त्याची आजी, जिने टेलिफोन ठेविला होता, ती आली नव्हती. तिचे दार त्या संध्याकाळी मिटलेले होते. आई बरोबर होती. तिने मान हलविली. मग पोरगा फाटकातून आत आला, गाडीच्या पायरीवर चढून दाराशी ताठ उभा राहिला, आपल्याच हाताने डोक्यावर वही धरली, आणि त्याचीही रेघ निघाली. तिच्याहून तीन बोटे खाली. त्यास ते आवडले नाही. उतरता उतरता त्याने आम्हांस विचारले, “फादर, माझ्या बाबांना जहाजाऐवजी अशी गाडी नाही का घेता येणार?”

१९ एप्रिलला गोव्यातील सातही रुग्ण बरे झाल्याची बातमी आली. २३ एप्रिलला ‘मॅरेला डिस्कव्हरी’ ह्या जहाजावरील भारतीय खलाशांस मुंबई बंदरात उतरू दिले. त्यांत गोमंतकीय होते. गावात पुष्कळ घरी त्या रात्री रोझरी झाली. आमच्या मुलाचे वडील मात्र त्या जहाजावर नव्हते. त्यांचे जहाज आणखी दीड महिना पाण्यावर राहिले. ते जूनमध्ये आले, चौदा दिवस वेगळे राहिले, आणि मग एका पावसाळी संध्याकाळी अंगणात उभे राहिले. आजी त्या रविवारी चर्चच्या बंद दाराशी येऊन मेणबत्ती लावून गेली. आमच्याशी ती त्या टेलिफोनविषयी कधी बोलली नाही, आम्हीही बोललो नाही.

जर्मन कुटुंब तोवर गेले होते. जमिनीचा मार्ग सर्वत्र बंद, पाऊस तोंडावर. तेव्हा कार्नेची मुदत वाढवून घेऊन, परवाने काढून, ते पत्रादेवीच्या नाक्यावरून मुंबईस गेले आणि तेथे गाडी जहाजावर चढविली. ज्यांची मुले जहाजावरून घरी येऊ शकत नव्हती अशा गावातून ही गाडी जहाजाने आपल्या घरी गेली.

२०२१ च्या मे महिन्यात त्यांचे पत्र आले. दहावा वाढदिवस स्वतःच्या घरी झाला होता. पण त्या वसंतात त्यांच्याकडेच निर्बंध कडक होते, आणि मुलीस एकच मैत्रीण बोलाविता आली. पेडण्यात अकरा आले होते, असे तिने आपल्या हाताने लिहिले होते. सोबत गाडीच्या दाराचे छायाचित्र होते: दोन रेघा, खाली गावाचे नाव.

छायाचित्र आम्ही त्या मुलास नेऊन दिले. त्या वर्षीच्या त्याच्या वाढदिवसास वडील घरी होते; जहाजे बंद, काम नाही, पैशाची ओढाताण, केकही लहान. त्याने वडिलांस छायाचित्र दाखविले आणि आपली खरी रेघ दुसऱ्या देशात आहे हे समजावून सांगितले. २०२२ च्या आरंभी वडील पुन्हा जहाजावर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सुताराच्या पेन्सिलीने घराच्या चौकटीवर त्याची उंची आखून ठेविली, आणि तिच्या वरच्या अंगास थोडी जागा मोकळी सोडून पुढल्या चार वर्षांच्या तारखा लिहिल्या.